लंडनमधले वकील
परदेशात राहून मायदेशातल्या मालकाचं काम करणाऱ्या पोरांविषयी हिंगोलीत बोलणं निघालं की मला अजीमुल्ला खान आठवतात. कानपूरचे, इंग्रजी-फ्रेंच जाणणारे. १८५३ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी त्यांना लंडनला धाडलं, दुसऱ्या बाजीरावांची वर्षाला आठ लाखांची पेन्शन पुन्हा सुरू करून घ्यायला. मालक बिठूरला, वकील लंडनला, आणि पत्राला एका बाजूनेच सुमारे दीड महिना! साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे रंगो बापूजी तिथे आधीच ठाण मांडून होते. महाराज १८४७ मध्ये वारले तरी ते पुढे सहा वर्षं भांडत राहिले. दोघांचेही दावे फेटाळले गेले. पेशव्याने आपली कैफियत एका मुसलमानाच्या हाती सोपवली, हे मी शाळेत कधी ऐकलं नाही. अजीमुल्ला परतताना क्रिमियाला गेले आणि १८५५ मध्ये तिथे इंग्रज फौजेची दैना डोळ्यांनी बघून आले.