दहा टक्के स्वस्त वीज: कॅलिफोर्नियातल्या एका विधेयकाची गोष्ट

आजचा एपिसोड एका कायद्याबद्दल आहे. लगेच पुढे ढकलू नका, कारण या गोष्टीत रात्र-रात्र चाललेल्या बैठका आहेत, अंधारात गेलेली शहरं आहेत आणि आपल्या ओळखीची एक कंपनीसुद्धा आहे. ती कोण, ते येईलच पुढे.

साल १९९६. कॅलिफोर्नियात वीज अमेरिकेच्या सरासरीच्या जवळपास दीडपट महाग होती. अणुभट्ट्यांवर भरमसाट खर्च झालेला, शिवाय १९८० च्या दशकात महागड्या दराने केलेले खरेदी करार गळ्यात पडलेले. कारखानदार म्हणायला लागले, दर उतरवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या राज्यात जातो. त्यावर उपाय ठरला की वीज बाजारात आणायची. तयार करणारे वेगळे, पोचवणारे वेगळे, आणि रोजच्या लिलावात भाव ठरणार.

विधेयकाचं नाव एबी १८९०. सिनेटर स्टीव्ह पीस यांनी त्यासाठी बैठकांचा सपाटाच लावला. या बैठका रात्री उशिरापर्यंत चालायच्या, म्हणून लोकांनी त्यांना ‘पीस डेथ मार्च’ असं नाव दिलं. (हेच पीस ‘अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज’ या सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक. खरंच!) वीज कंपन्या, कारखानदार, ग्राहक संघटना, सगळ्यांना काही ना काही मिळालं. ऑगस्टच्या शेवटी विधेयक मंजूर झालं, तेही दोन्ही सभागृहांत एकमताने. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांची सही झाली.

लोकांपर्यंत पोचलेली बातमी एका ओळीची होती: घरगुती ग्राहकांना १० टक्के सूट. आता आतल्या पानांवर काय होतं ते बघू.

पहिलं कलम सुटीचं. ही सूट देण्यासाठी साधारण ६ अब्ज डॉलरचे रोखे काढले गेले. ते कोण फेडणार? तेच ग्राहक, व्याजासकट, बिलातल्या एका वेगळ्या आकारातून. म्हणजे आपल्याच नावावर कर्ज काढून आपल्यालाच डिस्काउंट!

दुसरं, दरगोठवणूक. १९९६ चे दर जास्तीत जास्त मार्च २००२ पर्यंत तसेच ठेवायचे. ऐकायला ग्राहकाच्या सोयीचं वाटतं. पण हिशोब असा होता की बाजारात घाऊक भाव पडेल, ग्राहक मात्र जुनाच दर भरत राहील, आणि मधल्या फरकातून कंपन्या अणुभट्ट्यांमध्ये अडकलेला खर्च वसूल करतील. वसुली पूर्ण झाली की गोठवणूक संपली.

तिसरं, खरेदीचे नियम. वीज कंपन्यांनी आपली बरीच केंद्रं विकून टाकली आणि लागणारी जवळपास सगळी वीज नव्या एक्स्चेंजवर रोजच्या भावाने घ्यायची असं ठरलं. लांब मुदतीचे करार जवळजवळ नाहीतच.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर फक्त हॅपी पाथ टेस्ट झाला. भाव पडेल हे सगळ्यांनी गृहीत धरलं. भाव चढला तर काय, ही केस कुणी लिहिलीच नाही.

बाजार १९९८ मध्ये उघडला. दोन वर्षं बरी गेली. सॅन डिएगोच्या कंपनीची वसुली सगळ्यांत आधी, १९९९ मध्येच पूर्ण झाली आणि तिथली गोठवणूक उठली. २००० चा उन्हाळा आला आणि सॅन डिएगोतली बिलं दुप्पट, काहींची तिप्पट झाली. वापर तेवढाच, घर तेच.

बाकी राज्यात उलटा घोळ. डिसेंबर १९९९ मध्ये एक्स्चेंजवर युनिटचा भाव साधारण ३ सेंट होता. वर्षभरात तो ३७ सेंटवर गेला. कंपन्यांना चढ्या भावाने घेऊन गोठवलेल्या दराने विकावं लागत होतं. जानेवारी २००१ मध्ये, ऐन थंडीत, एसी बंद असतानाही उत्तर कॅलिफोर्नियात भागाभागाने वीज कापावी लागली. एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बड्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पाऊस कमी होता, धरणांत पाणी कमी होतं, गॅस महागला होता, हे सगळं खरं. पण कुणीतरी त्यावर हातही धुऊन घेत होतं. २००२ मध्ये काही अंतर्गत टिपणं बाहेर आली. त्यांत डावांना नावं दिली होती: फॅट बॉय, डेथ स्टार, रिकोशे. रिकोशे म्हणजे कॅलिफोर्नियातली वीज आधी राज्याबाहेर पाठवायची आणि मग ‘बाहेरून आलेली’ म्हणून भावमर्यादा चुकवून चढ्या दराने परत आणायची. टिपणं कुणाची होती? एन्रॉनची.

हो, तीच. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाची एन्रॉन. आपल्याकडे १९९३ च्या करारात तिने नेमकं उलटं करून घेतलं होतं. लांब मुदतीचा करार, आणि इंधन महागलं किंवा डॉलर वधारला तर त्याचा भार महाराष्ट्र राज्य वीज मंडळावर. युती सरकारने १९९५ मध्ये करार रद्द केला, पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून प्रकल्प परत आणला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढे काही महिन्यांत युनिटचा दर ७ रुपयांच्या वर गेला आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियातही वीज कापली जात होती.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. तिकडे करार नव्हते म्हणून फटका, इकडे करार होता म्हणून फटका. म्हणजे बाजार चांगला की करार चांगला, एवढ्यावर वाद घालून भागत नाही. अंदाज चुकला तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे कागदावर कुठे लिहिलंय ते शोधावं लागतं. दोन्हीकडे ते ग्राहकाच्या आणि सरकारच्या खिशातून गेले.

आणि ते पटकन फिटतही नाहीत. कॅलिफोर्निया सरकारने स्वतः वीज विकत घेतली, मग त्यासाठी रोखे काढले. त्यांचा आकार बिलावर २०२० पर्यंत होता! तो संपताच त्याच जागी वणव्यांच्या नुकसानभरपाई निधीचा आकार आला, २०१९ च्या दुसऱ्या एका कायद्यामुळे. २००१ मध्ये जन्मलेली मुलं कमवायला लागली, तरी त्या वर्षाची वीज फेडत होती.

म्हणून पुढच्या वेळी कुठलंही वीज विधेयक येईल आणि ‘दर कमी होणार’ असा फॉरवर्ड येईल, तेव्हा तीनच प्रश्न विचारा. सूट कुठल्या पैशातून? दर किती दिवस गोठणार, आणि त्यानंतर काय? भाव चढला तर भार कुणावर? उत्तरं विधेयकातच असतात, फक्त ती बातमीत नसतात.

आपल्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे छापलेलं आहे. आणि २००३ च्या वीज कायद्यानुसार दरवाढीच्या अर्जावर राज्य वीज नियामक आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात. त्यासाठी वकील असावं लागत नाही. नोटीस निघते, तारीख असते. एकमताने मंजूर होण्याआधीच वाचलेलं बरं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत बिल एकदा उलटून मागची बाजूही बघा!