एका धमनीची दोन चरित्रे

शस्त्रवैद्याने छेद घेतला, रोग्यास बरे वाटले. मग शस्त्रक्रियेनेच बरे वाटले असे म्हणण्यास आणखी प्रमाण कशाला हवे? सामान्य माणसासच काय, नामांकित शस्त्रवैद्यांसही हा तर्क पुरेसा वाटत आला आहे. तो किती फसवा असू शकतो, हे हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणावरून चांगले कळते.

छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या, दोन्ही अंगांस बरगड्यांच्या आतून एकेक धमनी खाली उतरते. तिला सोयीसाठी उरोधमनी म्हणू. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या म्हणजे थोड्याशा श्रमानेही छातीत कळ उठते, तोच हृच्छूल. इटलीतील फिएस्की ह्या शस्त्रवैद्याने १९३९ च्या सुमारास अशी कल्पना काढली की, दोन्ही उरोधमन्या बांधून टाकल्यास अडलेले रक्त वरच्या बारीक फांद्यांतून हृदयाकडे वळेल. पाटाला बांध घालून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडावे, तशीच ही युक्ती. ऐकताक्षणीच पटावी अशी, आणि तोच तिचा धोका.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत तिला मोठा बहर आला. रोग्यास पूर्ण भूल द्यावयास नको; जागा बधिर करून उरोस्थीच्या दोन्ही बाजूंस लहान छेद घ्यावयाचे, धमन्या बांधावयाच्या, की काम झाले. कळा कमी झाल्याचे पुष्कळ रोगी आनंदाने सांगत. १९५७ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने ही वार्ता घरोघर पोहोचविली.

सिअ‍ॅटल येथील लेनर्ड कॉब व त्यांचे सहकारी ह्यांनी मात्र ती परीक्षेस लाविली. त्यांनी १७ रोगी घेतले. छेद सर्वांसच दिला, धमन्याही सर्वांच्याच मोकळ्या केल्या. मग शस्त्रवैद्याच्या हाती एक लखोटा यावयाचा. धमन्या बांधावयाच्या की नाहीत, हे आतली चिठ्ठी सांगावयाची. आठ जणांच्या बांधल्या गेल्या. नऊ जणांच्या तशाच सोडून कातडी शिवून टाकली. कोणाचे काय झाले हे रोग्यांस ठाऊक नव्हते, आणि पुढे त्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसही नव्हते. १९५९ मध्ये फळ प्रसिद्ध झाले: धमन्या बांधलेल्या आठांपैकी पाच जणांस चांगला आराम पडला होता, आणि नुसत्या कातडीच्या छेदाने नवांपैकी पाच जणांस! पुढच्याच वर्षी कॅन्सस येथील डिमंड ह्यांचा १८ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खोटा छेद मिळालेल्या पाचही जणांनी बरे वाटल्याचे सांगितले. ही शस्त्रक्रिया लवकरच नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. ह्या शस्त्रक्रियेची परीक्षा चालली आहे, एवढेच सिअ‍ॅटलच्या रोग्यांस सांगितले होते. आपला छेद पोकळ असू शकेल, हे सांगितले नव्हते. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि आम्हांसही ते योग्य वाटत नाही. मोकळेपणाने विचारले असते तर काहींनी तरी होकार दिला असता. परंतु जे शस्त्रवैद्य शंका न घेता धमन्या बांधीत सुटले होते, तेही रोग्यांस निष्फळ छेदच देत होते. फरक इतकाच की, तो निष्फळ आहे हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते.

आता ह्याच धमनीचे दुसरे चरित्र. १९६४ मध्ये लेनिनग्राड येथे वसिली कोलेसोव्ह ह्यांनी ती बांधून न टाकता तिचे खालचे टोक सोडवून, धडधडत्या हृदयावरील वाहिनीस थेट शिवले. अडथळ्याच्या पलीकडे रक्त नेण्याचा हा सरळ मार्ग होता. १९६७ पासून क्लीव्हलंड येथे फावालोरो ह्यांनी पायातील शीर वापरून ही पद्धत रूढ केली. शीर काढावयास सोपी, म्हणून वर्षानुवर्षे तिचाच बोलबाला राहिला. १९८६ मध्ये त्याच क्लीव्हलंडच्या रुग्णालयाने दहा वर्षांचा हिशेब मांडला. तीन वाहिन्या बिघडलेल्या रोग्यांत केवळ शीर जोडलेल्यांपैकी शेकडा ७१ जगले होते, उरोधमनी जोडलेल्यांपैकी शेकडा ८२·६. बांधून टाकण्यात जिचा काही उपयोग नव्हता, ती जोडली असता आयुष्य वाढविताना दिसली.

‘दिसली’ हा शब्द आम्ही जाणून वापरला. १९८६ चा तो ताळा जुन्या नोंदींचा होता. कोणास काय जोडावे हे तेथे लखोट्याने नव्हे, शस्त्रवैद्याने ठरविले होते. साहजिकच पुढचा प्रश्न आला: एक उरोधमनी इतकी गुणकारी, तर दोन्ही जोडाव्यात काय? ह्या वेळी ३,१०२ रोग्यांची वाटणी चिठ्ठ्यांनी, आणि त्यांच्या संमतीने झाली. सात देशांतील २८ रुग्णालये त्यात होती, भारतही त्यांत होता. दोन्ही धमन्या काढल्याने उरोस्थीचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून तिची जखम चिघळण्याचे प्रमाण दोन धमन्यांच्या गटात अधिक निघाले: पाच वर्षांत शेकडा ३·५, तर दुसऱ्या गटात १·९. दहा वर्षांचा निकाल २०१९ मध्ये आला. दोन धमन्यांच्या गटात शेकडा २०·३ मृत्यू, एकीच्या गटात २१·२. म्हणजे फरक म्हणावा असा नाहीच. मात्र पहिल्या गटातील शेकडा १४ जणांस प्रत्यक्षात एकच धमनी जोडली गेली होती, आणि त्यावरून शस्त्रवैद्यांत वाद माजला.