फाइल समोरच आहे, तरी पायथनला सापडत का नाही? सोप्या शब्दांत समजून घ्या 'फाइल पाथ'

पायथन शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांतच एक लाल ओळ हमखास दिसते : 'फाइलनॉटफाउंडएरर'. फाइल तर डोळ्यांसमोर असते. नाव बरोबर असतं, फोल्डरही तोच असतो. तरी प्रोग्रॅम म्हणतो, अशी फाइलच नाही.

बहुतेक वेळा चूक फाइलमध्ये नसते, तिच्या पत्त्यात असते. या पत्त्यालाच फाइल पाथ म्हणतात. बारावीच्या सीबीएसई अभ्यासक्रमात कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांना तो शिकावा लागतो. पण ऑफिसच्या याद्या, पावसाच्या नोंदी किंवा दुकानाचा हिशेब पायथनने आवरू पाहणाऱ्या कुणाचंही त्यावाचून चालत नाही.

(या लेखात आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

पाथ म्हणजे नेमकं काय?

ऑनलाइन सातबारा काढताना काय करावं लागतं, ते आठवा. आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी गट क्रमांक. नुसता गट क्रमांक सांगून उतारा मिळत नाही, कारण तोच क्रमांक शेकडो गावांत असतो. नुसतं गावाचं नाव सांगूनही भागत नाही. बोरगाव कवठे महांकाळ तालुक्यात आहे, तसं वाळवा तालुक्यातही आहे.

कॉम्प्युटरमध्येही हेच चालतं. 'पाऊस.सीएसव्ही' नावाच्या दहा फाइल्स दहा फोल्डरमध्ये असू शकतात. त्यातली नेमकी कुठली, हे पाथ सांगतो :

सांगली/कवठे महांकाळ/बोरगाव/पाऊस.सीएसव्ही

तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, म्हणजे 'याच्या आत'. शेवटच्या टिंबानंतरचा भाग म्हणजे एक्स्टेन्शन. फाइल कुठल्या प्रकारची आहे, ते त्यावरून कळतं.

पूर्ण पत्ता आणि अर्धा पत्ता

पाथ दोन प्रकारचे असतात.

अॅबसोल्यूट पाथ म्हणजे पूर्ण पत्ता. विंडोजमध्ये तो 'सी' किंवा 'डी' अशा ड्राइव्हपासून सुरू होतो, लिनक्स आणि मॅकवर थेट स्लॅशपासून. प्रोग्रॅम कुठूनही चालवला तरी तो एकाच जागी नेतो. मात्र तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालत नाही, कारण तिथे ड्राइव्ह आणि यूझरचं नाव वेगळं असतं.

रिलेटिव्ह पाथ म्हणजे आपण उभे आहोत तिथून सांगितलेला पत्ता. कवठे महांकाळमध्ये उभं राहून 'बोरगाव' म्हटलं तर कुणीही जवळचंच बोरगाव दाखवेल. वाळवा तालुक्यात उभं राहून तोच शब्द उच्चारला तर दुसरीकडे पोहोचाल. दोन टिंबं लिहिली तर अर्थ होतो 'एक पायरी वर', म्हणजे बाहेरचा फोल्डर.

मग पायथन 'उभा' कुठे असतो?

सगळी गंमत इथे आहे. अनेकांना वाटतं, प्रोग्रॅमची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथूनच पायथन शोध सुरू करतो. तसं नाही. शोध सुरू होतो तो 'करंट वर्किंग डिरेक्टरी'पासून, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथून.

म्हणूनच 'आयडल'मध्ये चालणारा प्रोग्रॅम 'व्हीएस कोड'मध्ये अडतो. आयडलमध्ये 'रन मॉड्यूल' केलं की प्रोग्रॅमचाच फोल्डर चालू फोल्डर होतो. व्हीएस कोड मात्र सहसा तुम्ही उघडलेल्या मुख्य फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवतो. प्रोग्रॅम तोच, फाइल तीच, उभं राहण्याची जागा वेगळी.

पायथन कुठे उभा आहे, हे त्यालाच विचारता येतं :

प्रिंट(पाथ.सीडब्ल्यूडी())

एरर आली की सगळ्यात आधी ही ओळ चालवून पाहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

एरर न येणारी चूक जास्त महागात पडते

फाइल सापडली नाही तर निदान कळतं तरी. चुकीची फाइल सापडली तर काहीच कळत नाही.

समजा, कवठे महांकाळ तालुक्यातल्या गावांच्या पावसाची नोंद कुणी पायथनने ठेवतंय. ढालगाव, देशिंग, कुची, नागज, प्रत्येकाची वेगळी फाइल. हा दुष्काळी पट्टा, इथे पावसाच्या आकड्यावर बरंच काही ठरतं. चालू फोल्डरमध्ये गेल्या वर्षीची 'पाऊस.सीएसव्ही' पडलेली असेल, तर रिलेटिव्ह पाथ निमूटपणे तीच उघडेल. बेरीज होईल, तक्ता तयार होईल, कुठेही लाल ओळ दिसणार नाही. फक्त आकडे गेल्या वर्षीचे असतील.

लिहिताना धोका आणखी वाढतो. 'ओपन' या आज्ञेला आपण मोड सांगतो :

- आर : फक्त वाचा.
- ए : आहे त्याच्या शेवटी भर घाला.
- एक्स : नवी फाइल करा, त्या नावाची आधीच असेल तर थांबा.
- डब्ल्यू : नव्याने लिहा, आधीची असेल तर आतलं सगळं पुसून टाका.

'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडताक्षणी जुना मजकूर जातो, अजून एक अक्षरही लिहिलं नसलं तरी. तो रिसायकल बिनमध्येही जात नाही. पाथ चुकून मूळ नोंदींकडे गेला, तर वर्षभराचं काम एका ओळीत संपतं. शिकत असताना 'एक्स' मोडची सवय लावलेली बरी.

विंडोजची रेघ उलटी का?

युनिक्समध्ये फोल्डर वेगळे दाखवायला स्लॅश वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये १९८१ साली फोल्डरच नव्हते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत ते आले, तोवर स्लॅश आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी वापरात होता. म्हणून फोल्डरसाठी उलटी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश घेतली गेली. ती आजही विंडोजमध्ये आहे.

पायथनमध्ये मात्र बॅकस्लॅशला वेगळाच अर्थ आहे. त्याच्यापुढे इंग्रजी 'एन' आला तर नवी ओळ, 'टी' आला तर टॅब. त्यामुळे 'टी'ने सुरू होणाऱ्या फोल्डरचं नाव मध्येच फुटतं. सगळ्यात जास्त लोक अडतात ते 'सी' ड्राइव्हमधल्या 'यूझर्स' या फोल्डरवर. बॅकस्लॅशपुढे कॅपिटल 'यू' आला की पायथनला वाटतं, आता एखाद्या अक्षराचा युनिकोड क्रमांक येणार. तो मिळत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पाथच्या अवतरणचिन्हाआधी 'आर' लिहा, किंवा प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा, किंवा सरळ साधा स्लॅश वापरा. विंडोजवरही पायथनला तो चालतो.

पाथलिब : जोडाजोडीचा सोपा मार्ग

पूर्वी पाथ जोडायला 'ओएस डॉट पाथ' वापरायचे. २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर 'पाथलिब' आलं आणि काम सोपं झालं. यात पाथचे भाग थेट स्लॅशने जोडता येतात. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवता येतात, त्यामुळे ओळ अशी दिसते :

मूळ = पाथ(\_\_फाइल\_\_).रिझॉल्व्ह().पेरेंट
नोंद = मूळ / "कवठे महांकाळ" / "बोरगाव" / "पाऊस.सीएसव्ही"

पहिल्या ओळीचा अर्थ : हा प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे, तो फोल्डर. आता प्रोग्रॅम कुठूनही चालवा, शोध तिथूनच सुरू होईल. अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याला दिला तरी चालेल. नावातल्या मोकळ्या जागेचाही इथे त्रास होत नाही. टर्मिनलमध्ये मात्र 'कवठे महांकाळ' अवतरणचिन्हांत लिहावं लागतं, नाहीतर ते दोन वेगळे शब्द धरले जातात.

एक काळजी घ्या. जोडायच्या भागाच्या सुरुवातीलाच स्लॅश असेल, तर पायथन त्याला पूर्ण पत्ता समजतो आणि आधीचे फोल्डर टाकून देतो.

मराठी नावांच्या फाइल्स : दिसायला सारख्या, आतून वेगळ्या

मराठीत फाइलचं नाव ठेवायला काहीच हरकत नाही. पण कॉम्प्युटर अक्षरांचा आकार बघत नाही, त्यांचे युनिकोड क्रमांक बघतो. म्हणून पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

'कवठे महांकाळ' आणि 'कवठेमहांकाळ' ही वाचणाऱ्याला एकच नावं, पायथनला दोन. 'यादी' आणि 'यादि'चंही तसंच. २०२४ देवनागरी अंकांत आणि इंग्रजी अंकांत लिहिलं तर फाइल्स वेगळ्या होतात.

सगळ्यात फसवा आहे 'शेतकऱ्यांची'मधला अर्धा ऱ. काही कीबोर्ड तो 'ऱ' आणि हलन्त असा लिहितात. काही 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एका कॉम्प्युटरवर तयार केलेली 'शेतकऱ्यांची यादी' दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलेल्या पाथला सापडत नाही, ती यामुळे. युनिकोडच्या नेहमीच्या 'नॉर्मलायझेशन'नेही हा फरक जात नाही. अशा वेळी नाव हाताने टाइप करू नका. फोल्डरमधल्या फाइल्सची यादी 'ग्लॉब'ने मागवा आणि त्यातून फाइल उचला.

लांबीचंही बंधन आहे. लिनक्सवर फाइलचं नाव सहसा २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि अनुस्वारासकट, ३ बाइट घेतं. एकट्या 'कवठे महांकाळ'चेच ३४ बाइट होतात.

फाइल सापडली, पण आतलं मराठी विचित्र चिन्हांत दिसतंय? तो दोष पाथचा नाही, एन्कोडिंगचा आहे. 'ओपन' करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहा.

फाइल सापडत नसेल तर हे तपासा

१. 'सीडब्ल्यूडी' छापून पायथन कुठे उभा आहे ते पाहा.
२. 'नोंद.एक्झिस्ट्स()' चालवा. उत्तर 'फॉल्स' आलं तर पाथचा एकेक भाग कमी करून पाहा. पहिल्यांदा 'ट्रू' येईल, त्याच्या पुढचाच भाग चुकलेला असतो.
३. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय सुरू करा. 'पाऊस.सीएसव्ही' म्हणून दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'पाऊस.सीएसव्ही.टीएक्सटी' असू शकते.
४. डेस्कटॉपवरची फाइल सापडत नसेल तर वनड्राइव्ह बघा. ते सुरू असेल तर डेस्कटॉपचा खरा पत्ता त्याच्या फोल्डरमध्ये असू शकतो.
५. लिहिण्याआधी पूर्ण पाथ छापून एकदा वाचा. मूळ नोंदी एका फोल्डरमध्ये आणि प्रोग्रॅमने तयार केलेल्या फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा.