वंदा : नांव आणि निवाडा

आंब्याच्या फांदीवर वंदा फुललेली दिसली, कीं पाहणारा तिला सहज बांडगूळ म्हणून मोकळा होतो. हा निवाडा तिच्या नांवांतच आहे. संस्कृतांत ‘वंदा’ म्हणजे परोपजीवी वनस्पति. सर विल्यम जोन्स यांनीं या ऑर्किडास तें नांव योजिलें. त्यांचें वर्णन मरणोत्तर, १७९५ सालीं प्रसिद्ध झालें. १८२० मध्यें रॉबर्ट ब्राऊन यांनीं ती प्रजाति शास्त्रांत रूढ केली.

वस्तुतः वंदा झाडाचा रस शोषीत नाहीं. तिचीं जाड, पांढुरकीं मुळें सालीस केवळ धरून राहतात आणि पावसाचें पाणी टिपून घेतात. २०१२ मध्यें आनुवंशिक पुराव्यावरून अ‍ॅस्कोसेंट्रम ही प्रजातिही तिच्यांत समाविष्ट झाली. वर्गीकरणाच्या सीमा अशा बदलतात. अग्रक्रमाच्या नियमानें नांव मात्र टिकतें. नांवावरून शील ठरविणाऱ्यानें एकदां तिचीं मुळें पाहावीं.