डिस्कवर जागा किती उरली?

लातूर-नांदेडच्या वाचकांना धरणाचे दोन आकडे परिचयाचे असतात : एकूण साठा आणि उपयुक्त साठा. तळाचा मृतसाठा पहिल्यात धरला जातो, दुसऱ्यात नाही. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा 'उपयुक्त' या शब्दाचे मोल सर्वांना कळले. संगणकाच्या डिस्कचेही असेच दोन आकडे असतात. ते प्रोग्रॅमला कसे मिळू लागले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

डिस्कवरील फाइलींचा हिशेब कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ठेवतो. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. १९७३ मध्ये तिचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्या काळी मोकळी जागा सांगणारा 'डीएफ' हा प्रोग्रॅम ती कर्नलला विचारत नसे. तो थेट डिस्क उघडून तिचा 'सुपरब्लॉक' वाचे आणि मोकळे ब्लॉक स्वतः मोजे. साहजिकच डिस्कवरील मांडणी बदलली, की प्रोग्रॅमही बदलावा लागे.

१९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ही मांडणी बदललीच. डिस्क गच्च भरली की काम मंदावते, म्हणून त्यात सुमारे १० टक्के जागा राखीव ठेवली गेली. ती फक्त व्यवस्थापकाला वापरता येई. पुढे १९८५ च्या सुमारास सन कंपनीच्या एनएफएसमुळे दुसऱ्या संगणकावरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरता येऊ लागल्या. पण जी डिस्क आपल्या यंत्रात नाही, तिचा सुपरब्लॉक वाचणार कसा? आता कर्नललाच विचारणे भाग होते. त्यासाठी 'स्टॅटएफएस' हा सिस्टिम कॉल आला. 'स्टॅटव्हीएफएस' हे त्याचे पुढचे, प्रमाणित रूप लिनक्सवरही चालते.

सी प्रोग्रॅम या फंक्शनला एखाद्या फाइलीचा मार्ग आणि एक रिकामे स्ट्रक्चर देतो; ते भरून परत मिळते. त्यात एकूण ब्लॉक, मोकळे ब्लॉक (एफ_बीफ्री) आणि सामान्य वापरकर्त्याला उपलब्ध ब्लॉक (एफ_बीअव्हेल) असे वेगवेगळे आकडे असतात. समजा, १००० पैकी ५० ब्लॉक मोकळे आहेत आणि तेवढेच राखीव आहेत. मग उपलब्ध ब्लॉक शून्य! शाळेचे निकाल साठवणारा प्रोग्रॅम 'मोकळे ५०' वाचून निर्धास्त राहिला, तर ऐन वेळी लिहिण्यास नकार मिळेल आणि गुण अर्धवट साठवले जातील.

योग्य आकडा घेतला तरी तो त्या क्षणापुरताच खरा असतो. विचारणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसरा प्रोग्रॅम जागा व्यापू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी लिहिणे यशस्वी झाले का, हे तपासलेच पाहिजे.

शाळेत लिनक्स असल्यास विद्यार्थ्यांकडून हे तीन आकडे छापून घ्यावेत. मोकळे आणि उपलब्ध यांत फरक आढळला, तर तो कोणासाठी राखून ठेवला आहे, हे त्यांनाच शोधू द्यावे.