दोन हस्ताक्षरे

घराण्यातील दंतकथा ही इतिहासाची वैरीण नव्हे. परंतु साक्षीदार म्हणून ती क्वचितच टिकते. हे विधान मी वर्गात वर्षानुवर्षे करीत आलो आहे. ते स्वतःच्या खापरपणजोबांस लावून पाहण्याचा प्रसंग येईल असे मात्र वाटले नव्हते.

आमच्या घरी चालत आलेली हकीकत अशी की, प्लेगच्या साली पुण्यात घरझडतीस आलेल्या गोऱ्या सोजिरांना खापरपणजोबांनी देवघराच्या उंबऱ्यावर अडविले आणि त्या मारहाणीत तेवीस वर्षांचा तो तरुण दगावला. माझ्या वृद्ध आत्याबाई ही हकीकत सांगताना आजही ताठ बसतात.

त्यांच्या आयुष्याचे कागद म्हणावे तर तीनच. शके 1795 ची जन्मपत्रिका. घरची मोडी रोजकीर्द. आणि नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीतील नोंद, जी त्यांच्या मुलाने पुढे वडिलांच्या श्राद्धास गेला असता लिहविली. ह्या नोंदीत मृत्युतिथी आहे : माघ वद्य 5, शके 1818. जंत्रीत ही तिथी 1897 च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येते. सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेण्यास पुण्यात आरंभ झाला तो मार्च महिन्यात. म्हणजे सोजीर दारी आले असतील तेव्हा त्यांना अडविणारा हयातच नव्हता!

त्या झडत्यांतील जुलूम खोटा नव्हे. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, इतका तो संताप खोल होता. शहराच्या त्या मोठ्या दुःखात आमच्या घराने आपले लहान दुःख मिळवून टाकले असावे. रोगाने मरणाऱ्यास कीर्ती नसते. झुंजून मरणाऱ्यास असते.

मग खरे काय घडले? ते रोजकीर्द सांगते. पौषाच्या अखेरीस बैलगाडीचे भाडे खर्ची पडले आहे. बायको व दीड वर्षाचे मूल गावी पाठविले. ते मूल म्हणजे माझे पणजोबा. त्यानंतर दोन माणसांचाच शिधा दिसतो, आणि एक दिवसाआड आईच्या काढ्याचा खर्च. अंथरुणाला खिळलेल्या आईस गाडीत घालणे शक्य नव्हते. तिला सोडून जाणे त्यांना शक्य झाले नाही. पुढे गंधक, कापूर, चुना. ज्याला जे ठाऊक होते ते त्याने केले. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखविले. आणि तेही पुष्कळांस बराच काळ पटले नाही. कळीच्या दिवसांत माझे खापरपणजोबा भिंतींना चुना लावीत होते.

माघ वद्य तृतीयेपर्यंत अक्षर त्यांचे आहे : बारीक, उजवीकडे झुकलेले, बेरीज कधी न चुकलेली. मग दोन दिवस कोरे. नंतर वळण बदलते. ते जाड, घाईचे अक्षर त्यांच्या धाकट्या भावाचे. पहिल्याच ओळीत लाकडांचा खर्च आहे. दुसऱ्या ओळीत आईचा काढा. मृत्यूची स्वतंत्र नोंद कोठेही नाही. कीर्दीत माणूस मरत नाही. फक्त हात बदलतो.

हे सारे आत्याबाईंस सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी कोणाचा वारसा हिरावून घ्यावयाचा? पण जे विद्यार्थ्यांस शिकवितो ते घरी लपवावे, हेही मनास पटेना. अखेर वही त्यांच्या पुढ्यात उघडली व दोन्ही हस्ताक्षरे दाखविली. बराच वेळ त्या पान न्याहाळीत होत्या.

“म्हणजे आईसाठी मागे राहिले का रे ते?” त्यांनी विचारले.

मी ‘होय’ म्हणालो.

“मग हे आम्हांला कोणी का सांगितले नाही?”

यावर मजपाशी उत्तर नव्हते. वही मिटताना मात्र पाहिले, आत्याबाई पूर्वीइतक्याच ताठ बसल्या होत्या.