जंताच्या औषधाची कुळकथा

कृमिरोगाच्या चिकित्सेच्या तीन शाखा चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितल्या आहेत : प्रथम अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, मग कटु-तिक्त द्रव्यांनी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थितीच पालटणे, आणि अखेरीस निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते उपजले ते कारण टाळणे. ही व्यवस्था मनुष्यासाठी असली, तरी अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या माळरानावर दख्खनी मेंढी राखणाऱ्या धनगराच्या पशुवैद्यकाचे कूळ शोधू लागले की तेही याच शाखांपाशी येऊन पोहोचते. मात्र त्यांतील पहिल्या शाखेचाच काय तो बोलबाला झाला.

मेंढीचा खरा वैरी म्हणजे हिमाँकस नावाचा, तांबड्या-पांढऱ्या पिळाचा, जेमतेम इंचभर लांबीचा जंत. तो तिच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. त्याची मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. लेंड्यांवाटे पडलेल्या या अंड्यांतील अळी पावसाळी ओलीत आठवडाभरात तयार होऊन गवताच्या पात्यावर चढते, आणि ते गवत खाणाऱ्या मेंढीच्या पोटात सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालणारी पिढी नांदू लागते. मग डोळ्यांची लाली उडते, जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबते, कासेतले दूध आटते आणि त्याची झळ कोकराला लागते.

यावर वावडिंग व पळसपापडी ही या देशीची जुनी द्रव्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक मुलखांत मोरचुदाचे पाणी पाजले जाई. १९४० च्या सुमारास फिनोथायझीन हे जंतनाशक आले, १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, आणि त्याला दाद न देणारे जंत अवघ्या तीन वर्षांत अमेरिकेत आढळले. जपानच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून निघालेले आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आले. त्याबद्दल ओमुरा व कँपबेल या शास्त्रज्ञांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण जंतांनी त्याचाही अंमल फार काळ निर्वेध चालू दिला नाही. सरसकट साऱ्या कळपाला, आणि तोही वजनाच्या अंदाजाने अपुरा, डोस पाजल्याने जे जंत वाचतात त्यांचाच वंश पुढे वाढतो.

म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस मेंढीची खालची पापणी उलटवून तिचा रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडण्याची रीत निघाली : लाल असेल तर औषध नको, पांढुरकी असेल तर तात्काळ द्यावे. या रीतीने औषधाचे आयुष्य वाढते.

निदानपरिवर्जनाची शाखा मात्र धनगरांच्या वाटचालीत आधीपासूनच आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात. वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या शेतात मेंढ्या बसवतात. आणि लेंड्यांतील अळी तयार होईतो कळप कोसभर पुढे गेलेला असतो, मागे राहिलेल्या अळ्या उन्हात सुकून मरतात. पावसाळ्याचे चार महिने कळप गावच्या मोजक्या गायरानावर अडकून पडतो तेव्हाच रोग बळावतो, यावरून या वाटचालीचे वैद्यकीय मोल ध्यानी यावे. आक्रमणांनी गायराने आक्रसत चालली, चराईच्या वाटा तुटत चालल्या, तर कळप एकाच जागी खिळेल आणि औषधावर सारा भार पडेल. तो भार एकट्या औषधाने पेललेला नाही, हे गेल्या आठ दशकांनी दाखवून दिले आहे. यास्तव पशुसंवर्धनाच्या अंदाजपत्रकात जंतनाशकाची तरतूद होते, तितक्याच आस्थेने गायरानांचा व चराईच्या वाटांचा बंदोबस्त झाला पाहिजे; कारण तोही उपचाराचाच भाग आहे.